खुर्चीवर बसवणाऱ्या बाई

मी एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंबद्दल खोटं बोललो आणि त्यांचं काम घालवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा बाईंच्या गमती सांगायला लागलो की मी थांबत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याचा केवढा जीव होता त्यांच्यावर! जीव होताच. पण खोटं बोललो तेव्हा तो कुठे गेला होता, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि मी तिथे एका टीमचा प्रमुख होतो. दिवसभर काम आणि रात्री पुन्हा अमेरिकेशी फोन. कँटीनमध्ये केव्हाही जा, गरम समोसे तयार. तिशीच्या आतली पोरं पाठ धरून चालायची. आजारपणाच्या रजा वाढल्या तेव्हा एचआरच्या साहेबांनी रोज सकाळी कामाआधी व्यायामाचा वर्ग सुरू करायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, घट्ट बनियन घातलेला, दंड फुगवून चालणारा कोणी तरुण येईल. आल्या त्या पन्नाशीच्या एक बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. नारायण पेठेत राहायच्या. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली होती आणि आवाज अजून मैदानाच्या मापाचाच होता.

पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणालं.

"बाई म्हणा," त्या म्हणाल्या. "मॅडम म्हटलं की मला वाटतं, कोणीतरी क्रेडिट कार्ड विकायला आलंय."

तेव्हापासून त्या बाईच.

बाई दोन पायांवर क्वचितच उभ्या असत. बोलता बोलता एक पाय हळूच उचलायच्या आणि बोलणं संपेपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत. "दोन पायांवर काय, कोणीही उभं राहतं," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्या आमच्या हडपसरला भाजीवाल्या बायकांचा वर्ग घ्यायला यायच्या. दिवसभर मांडी घालून बसलेल्या त्या बायकांचे गुडघे मोकळे करणं हे त्यांचं आवडतं काम. एकदा मी त्यांना तिथल्या बसथांब्यावर पाहिलं. हातात मेथीची जुडी आणि त्या एका पायावर ध्यान लागल्यासारख्या उभ्या. एका रिक्षावाल्याला दया आली. "मावशी, पाय दुखतोय का? बसा, सोडतो."

"दुखत नाहीये हो. त्याला सुट्टी दिलीय."

रिक्षावाल्याने पुढे जाऊन दोनदा वळून बघितलं.

कंपनीने वजनाचा काटा आणला, तर बाईंनी त्याच्यावर कुंडी ठेवली. "वजन बटाट्याचं करतात. माणसाला विचारायचं, जिना चढताना धाप लागते का, झोप येते का, पोरांशी खेळायला अंगात जीव उरतो का." एचआरच्या साहेबांनी वजन कमी करण्याची स्पर्धा ठेवायचं मनात आणलं होतं, जिंकणाऱ्याला महाबळेश्वरची सहल. बाईंनी साफ नकार दिला. "शर्यत लावली की माणसं जेवण सोडतात. जेवण सोडलेली माणसं माझ्या वर्गात नकोत."

साहेबांना ते आवडलं नव्हतं. बाईंना कोणाला काय आवडतं याची फारशी फिकीर नसे, आणि हे काही नेहमी चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात काही गोष्टी पक्क्या बसल्या होत्या. जगातले निम्मे आजार एसीमुळे होतात, आणि कानाला हेडफोन लावणाऱ्याचा आधी डावा कान जातो. डावाच का, ते त्या सांगत नसत. एकदा तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं काही नसतं. "नसेल," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डाव्या कानांची चौकशी पुन्हा सुरू. इमारतीच्या काचा उघडत नाहीत हे कळल्यावर तर त्यांनी तिथल्या व्यवस्थापकाशी भर वर्गात वाद घातला होता. "खिडकी न उघडणाऱ्या खोलीत आम्ही शाळेत कवायतीचे झेंडेसुद्धा ठेवत नव्हतो!"

पण बाईंची खरी पद्धत दारात होती.

वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी वाकून हळूच विचारायच्या, "आज कसं काय? झोप? पोट? काही दुखतंय?" तेवढ्यापुरता तो मैदानी आवाज कुठे जायचा कोण जाणे. उत्तर ऐकायच्या आणि एकतर आत पाठवायच्या, नाहीतर काचेपाशी मांडलेल्या खुर्च्यांकडे बोट करायच्या. खुर्चीवर बसलेल्याने घोटे फिरवायचे, खांदे सैल करायचे, श्वास घ्यायचा. एवढंच. कोणी रात्रभर जागलेला असे, कोणाची पाळी असे, कोणाचं घरी भांडण झालेलं असे, कोणाचा उपास असे. कोण कशासाठी बसलंय हे बाई कधीही सांगत नसत. दारात एक कॅलेंडर लावलं होतं, त्यात एकादश्या, चतुर्थ्या आणि रोज्यांचा महिना लाल पेन्सिलीने रंगवलेला. एकाने विचारलं, "बाई, तुम्ही एवढ्या धार्मिक?"

"देवाशी माझं काही नाही. उपाशी पोटी उड्या मारणाऱ्यांशी आहे."

माझ्या टीममध्ये वर्ध्याहून आलेला प्रफुल्ल नावाचा मुलगा होता. पहिलीच नोकरी, पुण्यात कोणी ओळखीचं नाही. तो एकही सकाळ चुकवत नसे, तरी दिवसेंदिवस सुकत चालला होता. एकदा त्याला दारात बराच वेळ थांबवून बाईंनी खुर्चीवरही बसवलं नाही. पर्स काढली आणि त्याला घेऊन थेट बाहेर पडल्या. जाताना मला म्हणाल्या, "साहेब, याला आज सुट्टी. वर्गही तुम्हीच घ्या, आकडे मोजता येतात तेवढं पुरे."

दुपारी मी त्यांना गाठून विचारलं, काय झालंय त्याला? मी त्याचा वरिष्ठ होतो, मला कळायला हवं असं मला वाटत होतं.

"त्याला विचारा. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल."

"बाई, पण तुम्हाला माहितीये ना?"

"मला तुमचंही माहितीये. ते मी त्याला सांगू?"

पुढे बऱ्याच काळाने प्रफुल्लनेच मला सांगितलं. "सर, मले झोपच येत नव्हती जी. जेवाची इच्छा नाही, उठाची इच्छा नाही. बाई म्हणे, हे माझ्या शिट्टीचं काम नाही, याचे डॉक्टर वेगळे असतात. अन् स्वतः घेऊन गेल्या. बाहेर बाकावर बसून राहिल्या नं." डॉक्टरांचं औषध सुरू झालं, आणि हडपसरच्या एका भाजीवाल्या मावशींकडून त्याला रोज भाकरीचा डबा यायला लागला. व्यायाम मात्र बाईंनी त्याला महिनाभर करू दिला नाही. "आधी जेवायला शीक," म्हणाल्या.

दुसरे आमच्या इमारतीचे अण्णा. ज्या जमिनीवर ती इमारत उभी होती ती त्यांच्या घराण्याची. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी. रोज सकाळी मोठ्या गाडीतून यायचे आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, या पोरांना नाचवताय, मला बी घ्या की. प्वाट लई पुढं गेलंय."

बाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. "अण्णा, आत्ता आपण उभे आहोत तिथे पूर्वी काय होतं?"

"हितं? ज्वारी. आन् तिकडं वांगी."

"तेव्हा पोट होतं?"

"कशाचं हो! तवा रानात राबत हुतो."

"आणि आता?"

अण्णांनी पोटावरून हात फिरवला. "आता गाडीत असतोय."

बाईंनी त्यांना वर्गात घेतलं नाही. इमारतीच्या मागे कुंपणालगत मातीची एक पट्टी रिकामी होती, ती खणायला सांगितली. आधी अण्णांना वाटलं, चेष्टा चाललीय. मग एक दिवस ते बनियनवर खुरपं घेऊन बसलेले दिसले, आणि काही महिन्यांनी आमच्या कँटीनमध्ये अण्णांची वांगी यायला लागली. "पोरांसमोर हात वर करायला त्यांना लाज वाटली असती," बाई मला म्हणाल्या. "खुरप्याची वाटत नाही. ज्याला जे जमतं तिथूनच त्याला हलवायचं असतं, साहेब."

आता माझ्याकडे येतो. टाळून टाळून किती टाळणार?

त्या काळात आमच्यापैकी प्रत्येकाला अमेरिकेला जायचं होतं. मला जरा जास्तच. धाकट्या मेव्हण्याचं बोस्टनहून फोटो पाठवणं चालू होतं आणि माझ्या व्हिसाचं घोडं अडलं होतं. म्हणून मी नवस बोललो होतो, व्हिसा मिळेपर्यंत संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. साबुदाणासुद्धा नाही. कॉम्प्युटरमध्ये पदवी घेतलेला माणूस मी. टीममध्ये कोणाला कळलं असतं तर हसून हैराण केलं असतं. बायको तेवढी जाणून होती, आणि बाई. दर संकष्टीला बाई दारात विचारायच्या, मी हळूच "आहे" म्हणायचो आणि खुर्चीवर जाऊन बसायचो. बाकीच्यांना सांगायचो, कंबर धरलीय.

त्या संकष्टीला अमेरिकेहून आमचा क्लायंट आला होता. टीममधला कोण तिकडे न्यायचा ते तो ठरवणार होता. एचआरच्या साहेबांनी हौसेने त्याला सकाळचा वर्ग बघायला आणलं. बाईंनी त्यालाही दारात सोडलं नाही. त्यांच्या पद्धतीच्या इंग्रजीत विचारलं, झोप झाली का? त्याने खरं ते सांगितलं, की विमानाने सगळं उलटंपालटं केलंय. बाईंनी बोट केलं आणि तो सहा फुटी गोरा माणूस मुकाट्याने खुर्चीवर बसून घोटे फिरवायला लागला.

त्याच्या मागे मी होतो. बाई वाकल्या. "आज चतुर्थी. आहे ना?"

"नाही, बाई. सोडला उपास. पोहे खाऊन आलोय."

"रात्रीचा फोन?"

"लवकर संपला."

दोन्ही खोटं. फोन पहाटे संपला होता. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊ दिलं. त्या दिवशी जिन्याचे व्यायाम होते. मी सगळ्यांच्या पुढे, क्लायंटला दिसेल असा, पायऱ्या चढत-उतरत होतो. चौथ्या की पाचव्या फेरीला पायरी दिसेनाशी झाली. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. कपाळ फुटलं होतं आणि बाई त्यावर साडीचा पदर दाबून धरून प्रफुल्लला ओरडून सांगत होत्या की गाडी आण.

टाके पडले, बाकी काही नाही. पण पाहुण्यांसमोर कंपनीची शोभा झाली होती. दोन दिवसांनी एचआरच्या साहेबांनी मला आणि बाईंना आपल्या खोलीत बोलावून समोर बसवलं. त्यांनी मला सरळ विचारलं, "वर्गाआधी त्यांनी तुमच्या तब्येतीची चौकशी केली होती का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुम्ही काय सांगितलंत? मग उपास निघाला असता, नवस निघाला असता, खोटं निघालं असतं. मी खाली बघून म्हणालो, "तसं काही विचारल्याचं मला आठवत नाही."

माझ्या शेजारी खुर्ची जराशी करकरली. साहेबांनी बाईंना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

बाईंना एका वाक्यात सुटता आलं असतं. त्या म्हणाल्या, "दारात कोण काय बोललं ते मी सांगत नसते. कोणाचंच नाही. बाकी, पडणारा माणूस मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायला हवा होता. तेवढी चूक माझी."

प्रफुल्ल साहेबांकडे जाऊन भांडला. "सर, बाई सगळ्यायले विचारतात जी, रोज विचारतात!" त्या दिवशी, यांना विचारलं का, असं साहेब म्हणाले, आणि ते काही त्याने ऐकलं नव्हतं. त्या दिवसाबद्दल बोलू शकणारा माणूस मी होतो. मी बोललो नाही. बाईंचा वर्ग बंद झाला. शेजारच्या कंपनीशी त्यांचं बोलणं चालू होतं, तेही मोडलं; खराडीत तेव्हा बातमी लिफ्टच्या वेगाने फिरायची. ज्या बाईंनी एका माणसालाही उपाशी नाचवलं नाही त्यांचं नाव झालं, माणूस पाडणाऱ्या बाई.

क्लायंटने मलाच निवडलं, व्हिसाही मिळाला. मी नवस फेडला आणि अमेरिकेला गेलो. तिकडे माझ्या मुक्कामाजवळ मोठी व्यायामशाळा होती, मशीनच मशीन. माझा चेहरा बघून कोणी काही विचारत नसे. पहिल्या चतुर्थीला मी एका मशीनवर नुसताच बसून राहिलो.

परत आल्यावर कळलं, अण्णांनी आपल्या दुसऱ्या इमारतीतलं पार्किंग बाईंना वर्गासाठी दिलं होतं. तिथे कंपन्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर, पहारेकरी, सफाईच्या बायका यायच्या, पुढे आमच्यातलीही काही पोरं जायला लागली. मी त्या पार्किंगवरून कितीदा गेलो. आतून बाईंचा आवाज यायचा, "नुसते उभे नका राहू, गाडी नाही तुम्ही!" आणि माणसांचं हसणं. मी गाडीची काच वर करायचो. एका वर्षाची दोन झाली, दोनाची बरीच. माफी मागायला जितका उशीर करावा तितकी ती जड होत जाते.

गेल्या वर्षी प्रफुल्लचा फोन आला. आता तोही मोठ्या हुद्द्यावर आहे. "सर, बाई बसमधून उतरताना पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. एकदा भेटून या नं."

नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत गेलो. बाई खाटेवर बसल्या होत्या, शेजारी वॉकर.

"या साहेब. अमेरिका संपली का?"

मी दारातच चपला काढत राहिलो. त्यांनीच सोडवलं. "चहा करा. साखर खालच्या डब्यात. वरच्या डब्याला हात लावू नका, तिथे चकल्या आहेत." मी चहा करत होतो आणि बाहेरून त्यांचं चाललं होतं, सोमवारपासून अण्णांच्या पार्किंगमध्ये वर्ग पुन्हा सुरू करायचा, माणसं वाट बघतायत, फक्त त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने आज हो म्हटलं की झालं. मग पाणी प्यायला उठल्या. मी दारातून बघत होतो. त्यांनी खाटेचा दांडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि दातांतून हवा ओढली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय बघताय? दूध उतू जाईल."

तेवढ्यात ती मुलगी आली. वीस-पंचविशीची, पाठीवर सॅक.

"काय आजी, कशा आहात?"

"आजी तुझ्या घरी. बाई म्हण."

"बरं, बाई. काल जिना केलात? दुखलं?"

"मुळीच नाही."

"आत्ता उठताना?"

"अगं, नाही म्हटलं ना. टुणटुणीत आहे मी."

मुलगी खूश झाली. "मग सोमवारी जायला हरकत नाही."

मी हातात कप घेऊन उभा होतो. बोलावं, तर त्यांच्या शरीराची गोष्ट मी त्यांच्या देखत दुसऱ्याला सांगितल्यासारखं. माझी गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. आणि न बोलावं, तर सोमवारी त्या पार्किंगच्या उतारावर पुन्हा पडणार. मी कप खाली ठेवला.

"ताई," मी त्या मुलीला म्हणालो, "तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. ऐकून घ्या." आणि मी सगळं सांगितलं. नवस, क्लायंट, न खाल्लेले पोहे, जिना, एचआरची खोली, मला काय विचारलं होतं आणि मी काय बोललो ते. एवढी वर्षं मी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. "खुर्चीवर बसायची लाज वाटली म्हणून खोटं बोललो," मी म्हणालो. "विचारणाऱ्याने नीट विचारलं होतं."

मुलगी माझ्याकडे आणि मग बाईंकडे बघत राहिली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"डाव्या बाजूला दुखतं," त्या शेवटी म्हणाल्या. "उठताना जास्त. रात्री कुशीवर वळता येत नाही. बघ काय ते, आणि सोमवारचं रद्द कर." मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, गोष्ट छान सांगितलीत. तिला सांगितलीत. मला काही सांगायचंय का?"

"सांगायचंय, बाई."

"मग खाली बघू नका. तेव्हाही खालीच बघत होतात."

मी मान वर केली.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो आणि मग तुमच्याबद्दल खोटं बोललो. माझ्यामुळे तुमचं काम गेलं, तुमचं नाव गेलं, आणि मी गाडीची काच वर करून समोरून जात राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."